एक चिकित्सक अभ्यास

भिगवणच्या स्टँडवर 'डॉक्टर कुठं राहतात' असं विचारलंत, तर समोरचा उलट विचारील, "गोळीवाले की वहीवाले?" आपले ते वहीवाले. पीएच.डी. अजून व्हायची आहे, पण गावानं पदवी आगाऊ देऊन टाकली. या साऱ्या उद्योगात त्यांना फुकट मिळालं ते एवढंच.

विषय भारदस्त : 'उजनी जलाशयातील मच्छीमारांची आर्थिक स्थिती : एक चिकित्सक अभ्यास'. यूजीसीनं दिलेल्या ६ वर्षांपैकी सहावं चालू आहे. प्रबंधाचं पळसदेवच्या जुन्या देवळासारखं आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की कळस दिसतो, पावसाळ्यात पुन्हा गडप. पोटापाण्याला डॉक्टर सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, शिकवतात. तिथं काम तासावर मोजतात आणि पैसे वर्षावर देतात.

खर्चाची त्यांची एक वेगळी वही आहे. पहिल्या पानावर फी. पण फी म्हणजे नुसती सुपारी, लग्नाचा खर्च पुढे. दर सहा महिन्यांनी प्रगती अहवाल घेऊन पुणं गाठायचं. शंभरेक किलोमीटर जावं, तर गाईडसर मीटिंगमध्ये. उजनीवर रोहित पक्षी निदान हिवाळ्यात हमखास दिसतात! साम्य तपासणीत १० टक्क्यांपर्यंत माफी असते. डॉक्टरांचं जास्त निघालं, कारण प्रकरण तिसरं त्यांच्याच शोधनिबंधाशी जुळत होतं. स्वतःचंच वाक्य स्वतःपासून वेगळं करायला टायपिंगवाल्यानं पानामागे पैसे घेतले. तो शोधनिबंध तरी कुठं फुकट छापला होता? नोव्हेंबर २०२२ मध्ये यूजीसीनं निबंधाची सक्ती काढली, तीही नव्या पोरांसाठी. जुन्यांनी आपलं भोगावं.

जेआरएफची शिष्यवृत्ती थोडक्यात हुकली. आज ती महिना ३७,००० आहे. हा आकडा डॉक्टर, वारलेल्या थोरल्या चुलत्याचं नाव घ्यावं तसा, जरा थांबून उच्चारतात. आणि अजून काळं बाइंडिंग, त्यावरची सोनेरी अक्षरं आणि व्हायव्हाच्या दिवशीचं जेवण राहिलंच आहे.

परवा मीही त्यांच्याबरोबर कुंभारगावच्या काठावर गेलो होतो. एक म्हातारा जाळं सांधत बसला होता. डॉक्टरांनी प्रश्नावली काढली.

"बाबा, धंद्याला भांडवल कुठनं आणलं?"

"अडत्याची उचल. माल त्यालाच घालायचा, तो भाव करील तो. तुमची उचल कुणाची?"

"पतसंस्था," डॉक्टर म्हणाले आणि आवाज खाली घेत पुढं, "आणि सासरे."

"जाळ्यात रोज काय घावतं का?"

हा प्रश्न प्रश्नावलीत नव्हता. तो बाबांनीच विचारला होता. डॉक्टरांनी घाईनं शेवटचा प्रश्न वाचला, "पुढच्या पिढीनं याच धंद्यात यावं असं वाटतं का?"

बाबांनी दातानं दोरा तोडला. "पोरगं कंपनीत लावलंय. तुमचं लावताल का हिकडं, तुमच्या धंद्यात?"

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. मग उगाच म्हणाले, "चिलापी कशी दिली?"

"न्या की. पैसं डॉक्टर झाल्यावर द्या."

संध्याकाळी वहीत ठसठशीत अक्षरात नवी नोंद पडली : क्षेत्रकार्य. चिलापी, १ किलो. उधार.