पिंकीचं फॉरेन एमबीबीएस

“अगं पिंकीची आई, काल दुपारभर तुझ्या दारात पांढरी गाडी उभी होती. पाहुणे होते का?”

“कशाचे पाहुणे काकू! फॉरेन एमबीबीएसवाला आला होता. पिंकीला नीटला 360 पडले ना. सरकारीत लागत नाही, डीम्डवाले एकेका वर्षाला वीस-बावीस लाख मागतात. हा म्हणतो, किर्गिझस्तानात बिश्केकला पाठवा, राहणं-खाणं धरून सगळा कोर्स पंचवीस-तीस लाखांत बसतो.”

“पुढं काय म्हणाला?”

“म्हणाला, दोन वर्षं तिकडं काढू द्या, मग ट्रान्स्फर करून इकडच्या कॉलेजात आणून बसवतो.”

“चहा दिलास का त्याला?”

“दिला की. पोहेपण केले.”

“वाया गेले बघ. अगं, माझ्या बहिणीचा नातू युक्रेनमध्ये खारकीव्हला शिकत होता, तेव्हापासून मला हे नियम तोंडपाठ झालेत. 2022 च्या फेब्रुवारीत लढाई पेटली, सरकारनं ‘ऑपरेशन गंगा’ काढून पोरं विमानानं आणली. हजारो पोरं घरी बसली, आईबाप सुप्रीम कोर्टात गेले. इथल्या कॉलेजात सामावून घ्या, एवढंच मागणं. सप्टेंबरात केंद्रानं कोर्टात लिहून दिलं, कायद्यात तशी सोयच नाही. कारण काय, तर नीटला कमी मार्क पडले म्हणून पोरं बाहेर गेली. त्यांना आता आत घेतलं तर जास्त मार्क असून इथं सीट न मिळालेली पोरं गप्प बसतील का? ऐकताना कडू लागलं, पण मला ते पटलं बाई.”

“मग त्या पोराचं झालं काय?”

“‘अकॅडमिक मोबिलिटी’ म्हणून वाट काढली. शिकायचं दुसऱ्या देशातल्या कॉलेजात, डिग्री मात्र युक्रेनच्या मूळ कॉलेजची. शेवटच्या वर्षाच्या पोरांना 2023 मध्ये इथं परीक्षा द्यायची एक खास सवलत मिळाली, तीही कोर्टाचे उंबरे झिजवून. लढाई होऊनही पोरांना इथं सीट मिळाली नाही आणि तुझा गाडीवाला पोहे खाऊन मिळवून देणार!”

“तो म्हणाला, नियमातच बसतं.”

“कुठल्या नियमात? 18 नोव्हेंबर 2021 चं गॅझेट आहे. कोर्स कमीत कमी 54 महिन्यांचा, तोही इंग्रजीतून. त्याच परदेशी कॉलेजात 12 महिने इंटर्नशिप. अर्धं तिकडं, अर्धं इकडं चालत नाही. त्या देशात प्रॅक्टिस करता येईल अशीच डिग्री पाहिजे. परत आल्यावर इथं आणखी एक वर्ष इंटर्नशिप. आणि बाहेरचं कशाला बोलतेस? देशातल्या देशात, अंबाजोगाईहून लातूरला येतो म्हटलं तरी 2023 च्या नियमांत मायग्रेशनवर बंदीच घातली.”

“बाई! आणि ती परत आल्यावरची परीक्षा?”

“एफएमजीई. 300 मार्कांची, 150 ला पास, वर्षातून दोनदा. 2024 च्या जून सत्रात शंभरात वीस-एकवीस पास झाले. ही परीक्षा कितव्या वेळी सुटणार, ते कोणी सांगत नाही. मग पंचवीस लाखांत क्लासची फी आणि घरी बसलेली वर्षंही धर. हां, पास होणारी पोरं होतात, चांगली डॉक्टर होतात. माझा राग देशावर नाही, गाडीवाल्यावर आहे. त्या बिश्केकला 2024 च्या मे महिन्यात परदेशी पोरांच्या होस्टेलांवर जमाव चालून गेला होता, ते सांगितलं का त्यानं?”

“नाही हो.”

“कसं सांगेल!”

“पण काकू, इथं तरी काय आहे? 2024 ला 24 लाख पोरांनी नीटचा फॉर्म भरला.”

“फॉर्म वाढले तशा सीटाही वाढल्यात की. 2014 च्या आधी देशात एमबीबीएसच्या साधारण 51 हजार होत्या, आता लाखाच्या वर गेल्या. 2024 ला आपल्या राज्यात एकदम दहा सरकारी कॉलेजं सुरू झाली. हिंगोली, जालना, बुलढाणा, वाशीम... आपल्या पोरीला एसटीनं जाता येईल अशी गावं. तिथं अजून मास्तर आणि पेशंट दोन्ही कमी असतील, तो भाग वेगळा. पण सीट ती सीट.”

“आणि प्रायव्हेट लागलं तर?”

“तुम्ही ओबीसी ना? उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल आणि कॅप राउंडनं लागलं, तर मुलींची ट्यूशन फी 2024-25 पासून सरकार भरतं. डीम्डला आणि मॅनेजमेंट कोट्याला ते नाही. नॉन-क्रीमी लेयरचा दाखला आत्ताच काढून ठेव, ऐन राउंडात तहसीलला रांग असते. लातुरात राहतेस, सगळ्या महाराष्ट्राची पोरं इथं खोली घेऊन नीट रिपीट करतात. तुझी घरचं जेवून करेल.”

“पिंकी म्हणते एक वर्ष वाया जाईल.”

“आणि तिकडची सहा? नाहीच जमलं तर जाऊ दे बाहेर, नीट क्वालिफाय असलं की तीन वर्षं चालतं. पण जायचं तर तिथलीच डिग्री, तिथलीच इंटर्नशिप, असं मनाशी धरून. ट्रान्स्फरच्या भरवशावर नाही. तू गप्प का झालीस? त्याला काही दिलं नाहीस ना?”

“सीट बुकिंगचे पन्नास हजार... ह्यांनी फोनवरून टाकले.”

“पावती?”

“व्हॉट्सॅपवर पाठवतो म्हणाला.”

“मग आजच फोन लाव. ट्रान्स्फरचं लेटरहेडवर सहीशिक्क्यानं लिहून दे म्हणावं, नाहीतर पैसे परत कर. लिहून तो देणार नाही. मग मला हाक मार, मी येते बोलायला.”