आता कुत्रं पोसाचं नाई!

माणसांची एक जात अशी असते की दुःख झालं की ती ताबडतोब कायदा करते. भावकीत बिनसलं की ‘त्याच्या घराची पायरी चढणार नाई’, संत्र्याचा भाव पडला की ‘बगीचा तोडून टाकतो’ आणि कुत्रं मेलं की ‘आता कुत्रं पोसाचं नाई म्हंजे नाई!’ आमच्या शेजारचे काकाजी याच जातीचे. त्यांचा बगीचा अजून उभा आहे, एवढ्यावरून या कायद्यांची अंमलबजावणी लक्षात यावी. नाव सांगत नाही. मोर्शीत गल्लोगल्ली असा एकेक काकाजी आहे आणि उगाच सगळेच अंगावर यायचे.

कुत्र्याचा कायदा त्यांनी बगीच्यात, हातात फावडं असताना केला. वाघ्या म्हातारा होऊन गेला होता. खड्ड्यात मीठ टाकलं, माती लोटली आणि ज्या झाडाखाली त्याला पुरलं ते झाड त्यांनी व्यापाऱ्याशी सौदा करताना बाजूला काढलं. व्यापारी म्हणाला, ‘‘काकाजी, एका झाडानं काय होते?’’ काकाजी म्हणाले, ‘‘थे झाड घरचं हाये.’’ बाकीची झाडं कोणाची, हे विचारायची व्यापाऱ्याची छाती झाली नाही.

आठवडाभरात वाघ्या संत झाला. एरवी संत व्हायला तपश्चर्या लागते, कुत्र्याला नुसतं मरावं लागतं. जिवंतपणी हा वाघ्या काय होता ते मी शेजारी राहून पाहिलं आहे. रानडुकरं बगीच्यात शिरली की तो आधी मोटारीच्या खोलीत शिरायचा आणि डुकरं गेल्यावर दिशा बरोबर धरून भुंकायचा. पण आता काकाजी सांगू लागले, ‘‘मास्तर, वाघ्या होता तवा डुकराची हिंमत नोती धुऱ्यावर पाय ठेवाची.’’ एकदा तर म्हणाले, ‘‘रायगडावर वाघ्याची समाधी हाये, मंग मोर्शीत काहून नाई?’’ मी गप्प बसलो. रायगडावरच्या वाघ्याबद्दल अभ्यासकांत वाद आहे. आमच्या वाघ्याबद्दल वाद नव्हता, सगळ्यांनाच माहीत होतं.

डिसेंबरात आंबिया बहारासाठी बगीचे ताणावर सोडतात. पाणी बंद, पानं मलूल, झाड उपाशी. पुढे जानेवारीत पाणी दिलं की फुलं येतात. त्या दिवसांत काकू माझ्या बायकोला म्हणाल्या, ‘‘बाई, बगीच्याले ताण देते तसा यायनं सोताले ताण देल्ला. पन बगीच्याले पानी कवा सोडाचं ते यायले समजते, सोताले कवा सोडाचं ते नाई समजत.’’ वऱ्हाडातल्या बायका नवऱ्याचं निदान वैद्यापेक्षा आधी करतात, फक्त ते नवऱ्याला सोडून बाकी सगळ्यांना सांगतात.

त्याच थंडीत संत्र्याच्या रिकाम्या कॅरेटांच्या थप्पीमागे एका गावठी कुत्रीनं पिलं घातली होती. पिलं जरा मोठी झाल्यावर मजुरांनी एकेक उचलून नेलं, एक उरलं. काकाजी ते घरी घेऊन आले, शालीत गुंडाळून. दारातच त्यांनी जाहीर केलं, ‘‘थंडी लय हाये. रातच्यापुरतं आनलं. सकाऊन नेऊन सोडतो.’’

ती सकाळ अजून उजाडायची आहे.

पिलाला त्यांनी नाव दिलं नाही. नाव दिलं की ते आपलं होतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून ते नुसतं ‘हे’ होतं. ‘‘ह्याले दूध देल्लं का?’’ ‘‘हे कोठी गेलं?’’ आता आमच्याकडच्या जुन्या बायका नवऱ्याचा उल्लेख याच्या आसपासच्याच शब्दांनी करतात. त्यामुळे काकूंनी आतून ‘‘झोपले बाप्पा एकदाचे’’ म्हटलं की ते कोणाबद्दल, हे आम्हाला भिंतीपलीकडून कळत नसे.

वाघ्याचं जर्मनचं ताट काकाजींनी माळ्यावर टाकलं. ‘‘त्याच्या ताटात ह्याले नाई.’’ मग ‘ह्या’च्यासाठी बाजारातून स्टीलचं नवं ताट आलं. पाळायचं नसलेल्या कुत्र्याला स्टीलचं! दुधात कुस्करलेली भाकर त्यात पडू लागली, पुढे वर तूपही पडू लागलं. काकू म्हणाल्या, ‘‘नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामांगं धावले. आमच्या इथं कुत्रं तुपाच्या वाटीमांगं धावते अन् कुत्र्यामांगं हे धावते.’’

रोजची तुलना मात्र चालूच. पिलू रात्री रडलं की, ‘‘वाघ्या कदी रडला नाई.’’ (रडला होता. महिनाभर. आम्ही कापूस घालून झोपत होतो.) खाटेच्या पायाला दात लावले की, ‘‘वाघ्यानं घरच्या वस्तूले तोंड नाई लावलं.’’ माझ्या एका कोल्हापुरी चपलेचा आत्मा हे ऐकत असणार. जिवंत पिलाची बिचाऱ्याची पंचाईत अशी, की मेलेल्या कुत्र्याच्या हातून नवी चूक होत नाही. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली. पिलाचं काही चुकलं की काकाजींना वाघ्याचं नाव तोंडावर आणायची सोय होत होती. चांगलं वागलेल्या दिवशी ते जरा हिरमुसलेच दिसत.

मग सुईचा प्रश्न आला. दीड-दोन महिन्यांच्या पिलाला पहिली लस, तीन-चार आठवड्यांनी पुन्हा, आणि तीन महिन्यांचं झालं की पिसाळीची, हे काकाजींना तोंडपाठ. सकाळी सकाळी ते ढोराच्या दवाखान्यात पोचले. मी सोबत. शालीतून फक्त दोन कान बाहेर.

‘‘मालकाचं नाव?’’ डॉक्टरांनी विचारलं.

काकाजींसमोर धर्मसंकट उभं राहिलं. स्वतःचं नाव सांगावं तर कायदा मोडतो, न सांगावं तर सुई चुकते. क्षणभर थांबून त्यांनी माझ्याकडे बोट केलं. ‘‘यायचं हाये. मी नुसतं धरून उभा हावो.’’

कार्ड माझ्या नावानं झालं. ते माझ्या घरी आहे, कुत्रं त्यांच्या घरी. तारीख जवळ आली की काकाजी येऊन मलाच दटावतात, ‘‘काहो मास्तर, तुमच्या कुत्र्याची सुई हाये परवा, ध्यान हाये का? असं नसते जमत. जनावर आनलं की पाह्याव लागते.’’ मी आपला हो म्हणतो.

परवा तर हातात फाटकी चप्पल घेऊनच आले. ‘‘तुमच्या कुत्र्यानं माही चप्पल खाल्ली. नवी होती. भरून द्या.’’ वाघ्याच्या वेळची माझी कोल्हापुरी आठवून मी म्हटलं, ‘‘फिटंफाट समजा काकाजी.’’ ते काही केल्या ऐकेनात. शेवटी मी म्हटलं, ‘‘एवढा त्रास होत असेल तर आणून द्या त्याला इकडे. कार्डावर माझंच नाव आहे.’’

काकाजींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी डुकरांना बगीच्याचं फाटक उघडून दिलं होतं. ‘‘तुमच्याकडं?’’ ते म्हणाले, ‘‘तुमाले कुत्रं सांभाळता येते का? अन् रायते कुठं थे तुमच्याकडं!’’

चपलेचे पैसे मात्र घेऊन गेले.