गरुडाची चोच

दहावीचा गुणगौरव असो की पतसंस्थेची वार्षिक सभा, माइक हाती आला की प्रमुख पाहुणे गरुड सोडतातच. चाळिशीत तो डोंगरावर जातो, खडकावर आपटून चोच तोडतो, नखं उपटतो, दीडशे दिवस कळ काढतो आणि पुढं तीस वर्षं झोकात जगतो म्हणे! टाळ्या. रानातला गरुड वीस-तीस वर्षं जगला तरी पुष्कळ. चाळिशी गाठणंच दुर्मीळ. चोच मुळातून तुटली तर तो उपाशी मरेल. ती झिजते तशी आपोआप वाढतही असते. पण एवढ्यावर पाऊण तास बोलणार कसं? परवाचा गरुड उडाला तेव्हा तीन वाजले होते. बक्षिसवाली पोरं सकाळपासून उपाशी होती.