रिटर्न मारणारे नेते

कोपरला सकाळी बसायला जागा हवी तर एकच उपाय. मुंबईला जायचं असलं तरी आधी उलट्या दिशेची गाडी पकडायची, डोंबिवलीपर्यंत जायचं आणि तीच गाडी फिरली की खिडकीशी बसून यायचं. याला आम्ही ‘रिटर्न’ म्हणतो.

आमच्या स्टँडवरच्या भाऊंनी राजकारणही असंच केलं. मंत्रालयाकडे थेट धावलं तर चेंगराचेंगरी फार. म्हणून आधी उलट्या दिशेला, कामगारांकडे. प्रथम रिक्षा युनियनची पाटी, मग एमआयडीसीतल्या एका कारखान्यावर झेंडा. पहिल्या गेट मीटिंगला भाऊंनी मॅनेजरच्या नावाने शंख केला. दुसरी मीटिंग मॅनेजरच्या केबिनमध्ये झाली. तिसरीची गरजच पडली नाही, कारण तोवर कंत्राटी कामगार पुरवायचं काम भाऊंच्या मेहुण्याला मिळालं होतं. आता कामगार आणणारेही तेच आणि कामगारांना न्याय देणारेही तेच. कामगारांचा तेवढाच हेलपाटा वाचला. फक्त कल्याण-डोंबिवली महापालिकेची मुदत 2020 मध्ये संपली आणि पुढे पाच वर्षं निवडणूकच नाही, तेव्हा भाऊंचे हाल बघवत नव्हते. फ्लेक्सवरचं ‘भावी नगरसेवक’ उन्हापावसात पार विटून गेलं.

भाऊंचे आदर्श म्हणजे कामगार नेते डॉ. दत्ता सामंत. फ्लेक्सवर वरच्या रांगेत, पासपोर्ट साइजमध्ये, ते असतातच. पण डॉक्टरांना ‘रिटर्न’चं हे साधं गणित कधी जमलं नाही. घाटकोपरला दवाखाना होता, दगडखाणीतले मजूर औषधाला यायचे. नाडीबरोबर त्यांचा पगारही तपासायची खोड डॉक्टरांना लागली. बरं, 1972 मध्ये काँग्रेसच्या तिकिटावर विधानसभेत पोचले होते. चांगली खिडकीची जागा! गप्प बसले असते तर कधीतरी राज्यमंत्री, गेलाबाजार एखादं महामंडळ कुठे गेलं नव्हतं. हे उठून दारात लोंबकळायला गेले. आणीबाणीत त्यांच्याच पक्षाच्या सरकारने त्यांना आत टाकलं. भाऊ सगळ्या पक्षांत राहून आलेत, पण एकाही पक्षाची त्यांना अटक करायची हिंमत झालेली नाही.

मग 18 जानेवारी 1982. अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले. पगारवाढ हवी होतीच, पण खरी गोम होती 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यात. त्यानुसार अख्ख्या गिरणी धंद्यात मान्यताप्राप्त युनियन एकच, काँग्रेसच्या गोटातला राष्ट्रीय मिल मजदूर संघ. म्हणजे कामगार ज्याच्या मागे त्याच्याशी बोलणी नाहीत आणि बोलणी ज्याच्याशी त्याच्या मागे कामगार नाहीत. इतका सोयीचा कायदा पुन्हा होणे नाही, असं भाऊंना मनापासून वाटतं. डॉक्टरांना तो रद्द करून हवा होता! भाऊंच्या मते संप हा मालकाला दाखवायचा असतो, करायचा नसतो. डॉक्टरांनी तो केला, आणि रीतसर मागे कधी घेतलाच नाही. कागदोपत्री बघितलं तर तो आजही चालू आहे. गिरण्या तेवढ्या नाहीत.

इंदिराबाईंच्या हत्येनंतर 1984 मध्ये काँग्रेसने चारशेच्या वर जागा मारल्या, तेव्हा डॉक्टर दक्षिण मध्य मुंबईतून काँग्रेसच्याच विरोधात खासदार झाले. लाटेविरुद्ध पोहण्याचा हा शौक! 1989 ला ती जागा गेली शिवसेनेच्या वामनराव महाडिकांकडे. हेच महाडिक 1970 मध्ये, कॉम्रेड कृष्णा देसाईंच्या खुनानंतर, परळच्या पोटनिवडणुकीत देसाईंच्या पत्नीला हरवून सेनेचे पहिले आमदार झाले होते. आधी लाल बावटा, मग डॉक्टर. गिरणगावाने दोन्ही वेळा पर्याय म्हणून माणूसही तोच निवडला. यात सेनेचं कौतुक किती आणि डाव्यांचं कर्तृत्व किती, हा हिशेब मी तरी करत नाही.

16 जानेवारी 1997 ला पवईत घराजवळ डॉक्टरांना गोळ्या घालून मारलं.

त्या दिवशी भाऊ दरवर्षी स्टँडवर फोटोला हार घालतात. खर्च एक बिल्डर करतो, फ्लेक्सवर खाली त्याचं ‘सौजन्य’ असतं. गिरणी कामगारांच्या घरांसाठी सरकारने मध्यंतरी शेलू-वांगणी दाखवलं. कामगार म्हणाले, मुंबईत राबलो, घरं मुंबईतच द्या. भाऊंनी या मागणीला जाहीर पाठिंबा दिला आहे. वांगणीत त्यांनी गेल्या वर्षी मेहुण्याच्या नावावर जागा घेतली, तिचा याच्याशी काही संबंध नाही, असं त्यांनी आपण विचारायच्या आधीच सांगून टाकलं आहे.