खत कुठं आलं, मोठे बाबा?

एडिसन, न्यू जर्सी

ती. मोठे बाबा यांस साष्टांग नमस्कार.

लिफाफ्यावर पत्ता लिहिताना हात पुन्हा 'जि. छिंदवाडा'कडेच वळला. 2023 मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, आपलं सौंसर त्यात गेलं, हे माझ्या हाताला अजून कोणी कळवलेलं नाही. आम्ही सगळे बरे आहोत. पोरं संत्र्याला 'मँडरिन' म्हणतात, तेवढं एक दुःख.

पत्राचं कारण खत. रविवारी फोनवर मोठी आई म्हणाली, "तुह्या मोठ्या बाबानं साडेनऊ हजाराचं खत आनलं म्हन्ते. आठ दिवस झाले. गोठा पायला, कोठा पायला, खत काई दिसत नाही." मी हूं हूं केलं. मग तुमचा हळू आवाजातला फोन आला आणि खताचा पत्ता लागला: खत आणलंच नव्हतं, पैसे ठगानं नेले होते.

मोठे बाबा, आंबिया बहाराचा सौदा करताना तुम्ही व्यापाऱ्याला तीन कप चहा पाजता, धुऱ्यावरून दोनदा फिरवता, मग कुठं भाव काढता. तो निम्म्यावर येतो, तुम्ही दुपट्टा झटकून उठता. आणि हा कामठीच्या लष्करी छावणीतला म्हणवणारा साहेब फोनवर म्हणतो, कँटीनला 40 कॅरेट संत्री पाहिजेत, तुम्ही सांगाल तो भाव! बगीचा न पाहता, एक फळ न सोलता. जो घासाघीस करत नाही तो गिऱ्हाईक कसा? तिथंच फोन ठेवायचा होता.

त्यानं आधी पाच रुपये टाकायला लावले, दहा परत पाठवले. तुम्हाला वाटलं, फौजी माणूस, शब्दाचा पक्का. मग त्यानं क्यूआर कोड पाठवला, "हा स्कॅन करा, पिन टाका, ॲडव्हान्स जमा होईल." झाला जमा, त्याच्याकडे. आपला नातू नंतर जे बोलला ते पहिल्या दिवशी बोलला असता तर! "आजोबा, पैसे घ्याले पिन कायले लागते?" पैसे घ्यायला पिन लागतच नाही, तो लागतो आपल्या खात्यातून द्यायला.

हसतोय असं समजू नका. आता माझं ऐका, आणि हे बाबांना सांगू नका.

2016 मध्ये मला इथं फोन आला. इन्कम टॅक्सचा अधिकारी, नाव म्हणे जॉन. तुमचा टॅक्स थकलाय, तासाभरात पोलीस दारात येतील. सुटायचं असेल तर दुकानातून गिफ्ट कार्डं आणा आणि नंबर वाचून दाखवा. अमेरिकेचं सरकार कर गिफ्ट कार्डात का घेईल, हा प्रश्न एम.टेक. माणसाला पडला नाही. मी 500 डॉलरची दोन कार्डं आणली, खरवडली, नंबर वाचले. तेवढ्यात जॉनच्या मागून कोणीतरी ओरडलं, "अरे, चहा सांग ना!" शुद्ध मराठीत! त्याच वर्षी ऑक्टोबरात ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर धाड टाकली. असेच फोन करणारे सातशेवर लोक तिथं सापडले. माझा जॉन त्यातलाच होता की नाही, देव जाणे. सातासमुद्रापार येऊन आपल्याच माणसाकडून नागवला गेलो, म्हणून कोणाला बोललो नाही. बायकोलासुद्धा वर्षभरानं सांगितलं.

तुमच्या कपाळावर पांढुर्ण्याच्या गोटमारीतल्या दगडफेकीची खूण आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, जाम नदीत, पळसाच्या झेंड्यापासून चार हातांवर गोटा बसला, ही गोष्ट तुम्ही आल्यागेल्या पाहुण्याला टोपी सरकवून सांगता. आणि हा साडेनऊ हजारांचा गोटा मात्र खताखाली पुरलात. या चोरांचं अर्धं दुकान आपल्या लाजेवर चालतं. पैसा चोराच्या एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात पळत असतो. त्याच घटकेला 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन केला तर मधल्या खात्यात अडवता येतो. तुम्ही आठ दिवस घालवले. तरी आज लावाच, आणि बँकेतही जाऊन या.

मोठ्या आईची मला काळजी नाही. तिला मागं 'डिजिटल अरेस्ट'वाला भेटला होता ना, व्हिडिओवर वर्दी घालून? असली अटक कोणत्याच कायद्यात नाही, हे पंतप्रधानांनी ऑक्टोबर 2024 मध्ये 'मन की बात'मध्ये सांगितलं. तिनं ते ऐकलेलं नव्हतं. ती त्याला एवढंच म्हणाली, "अटक कराचीच असन तं घरी ये बापा, चहा ठेवतो." त्यानंच फोन कापला.

आणखी एक. मोबाइलवर लग्नाची पत्रिका म्हणून एपीके फाइल आली तर उघडू नका. तिच्यातून अख्खा फोन चोराच्या हाती जातो. आपल्याकडे ज्याच्या घरी लग्न असतं तो हळदीकुंकू लावलेली पत्रिका घेऊन स्वतः दारात येतो, आणि जेवूनच जातो.

मोठ्या आईला खरं सांगून टाका. तिला कळलेलं आहेच, तुम्ही सांगायची वाट पाहते आहे.

आपला,
धाकटा

ता. क. माझे हजार डॉलर आजवर परत आलेले नाहीत. तेव्हाच्या भावानं 67 हजार रुपये. एवढ्यात खरंच खत आलं असतं.