दोन समुद्र आणि एक मेहुणा

इंग्लंड कमरेत बारीक आहे. रोमन बादशहा हेड्रियनच्या हे इ.स. १२२ मध्येच लक्षात आलं आणि त्याने नेमक्या त्या अरुंद जागी या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत भिंत घालायला घेतली. भरली ११७ किलोमीटर. मुंबई-पुणे याहून लांब पडतं. एवढासा देश आडवा ओलांडता येतो म्हटल्यावर तो ओलांडल्याशिवाय इथल्या माणसाला चैन पडत नाही. पायी ओलांडायचा मार्ग आल्फ्रेड वेनराइट यांनी १९७३ साली पुस्तकात आखून दिला. मग सायकलवाले मागे राहतात होय? त्यांनी एक सोडून चांगले पाच-सहा मार्ग काढले, आणि तिथेच घोळ झाला. एकच मार्ग असता तर लोक गुमान निघाले असते.

आमच्या घरी मार्ग निवडायला चौघं बसले. लीड्सहून मी आणि ही. मँचेस्टरहून हिचा धाकटा भाऊ. त्याच्याकडे कार्बनची सायकल आहे. तिचं वजन तो भेटेल त्याला सांगतो, किंमत बायकोलाही सांगत नाही. आणि चौथे नाना, म्हणजे माझे काका, सत्तरी ओलांडलेले, उन्हाळ्यापुरते पुण्याहून आलेले. पुणं सायकलींचं शहर होतं त्या काळात नानांनी डबलसीट शहर पालथं घातलेलं. मेहुण्याचे घट्ट कपडे बघून ते पहिल्याच दिवशी म्हणाले, "आम्ही सायकल चालवायचो. तुम्ही ती अंगात घालता."

मी भीत भीत ट्रान्स पेनाइन ट्रेलचं नाव काढलं. साउथपोर्ट ते हॉर्नसी, ३४६ किलोमीटर. अंतर दांडगं, पण बराचसा भाग जुन्या रेल्वेचे रूळ काढून केलेल्या वाटांचा आणि कालव्यांच्या काठचा. रेल्वेला चढ मानवत नाही आणि पाण्याला तर मुळीच नाही, त्यामुळे हा मार्ग मलाही मानवला असता.

"भाऊजी, त्यात चढच नाही," मेहुणा म्हणाला. "मग ऑफिसात सांगायचं काय?"

हिने 'वे ऑफ द रोझेस' सुचवला. मोरकॅम ते ब्रिडलिंग्टन, २७४ किलोमीटर, २०१० साली सुरू झालेला. लँकेस्टरच्या लाल गुलाबापासून यॉर्कच्या पांढऱ्या गुलाबापर्यंत. हे दोन गुलाब १४५५ ते १४८७ एकमेकांची डोकी फोडत होते. आता फक्त क्रिकेटमध्ये भांडतात. वाटेत रिपन, यॉर्क अशी गावं, चहाची दुकानं, केक. पण इथे आल्यावर माणूस घराच्या हप्त्याबरोबर त्या भागाचं वैरही घेतो. मेहुणा झाला लाल, आम्ही पांढरे. "म्हणजे जिंकायला तुमच्याच अंगणात यायचं?" असं त्याने म्हणून दाखवलं. नानांनी वेगळाच मुद्दा काढला: "पुण्याहून इतका खर्च करून आलो, तो तुमच्या घराच्या मागच्या बाजूने सायकल फिरवायला?"

नानांना हवा होता हेड्रियन्स सायकलवे. रेव्हनग्लास ते साउथ शील्ड्स, सुमारे २८० किलोमीटर, भिंतीच्या सोबतीने. नानांनी तयारी जोरात केली होती. भिंतीजवळच्या विंडोलँडा इथे रोमन काळातली पत्रं सापडली आहेत, लाकडाच्या पातळ पट्ट्यांवर शाईने लिहिलेली. त्यातल्या एका पत्रात कुणीतरी तिथल्या माणसाला कळवलंय की मोजे पाठवलेत, सँडलचे दोन जोड पाठवलेत आणि दोन चड्ड्याही पाठवल्यात. नाना हे इतिहासाच्या प्रेमाने सांगत होते. हिने त्यातून हवामानाचा अंदाज काढला.

"ज्या गावात शिपायांना मोजे आणि चड्ड्या मागवाव्या लागतात, तिथे मी येणार नाही."

राहिला सी-टू-सी. कंब्रियातलं व्हाइटहेवन ते संडरलंड, २२५ किलोमीटर. १९९४ पासून चालू आणि सगळ्यांत प्रसिद्ध. "हा बरा आहे की," नाना म्हणाले, "सगळ्यांत आखूड." मेहुणा गालात हसला. आखूड का, ते त्याला माहीत होतं. बाकीचे मार्ग डोंगराला वळसा घालतात किंवा सोपी खिंड शोधतात. हा लेक डिस्ट्रिक्ट आणि पेनाइनच्या टकलावरून जातो. देशातल्या राष्ट्रीय सायकल मार्गांच्या जाळ्यातली सर्वांत उंच जागा, ६०९ मीटरची ब्लॅक हिल, याच मार्गावर आहे.

शेवटचा शब्द मात्र एका विधीचा ठरला. निघताना मागचं चाक आयरिश समुद्रात बुडवायचं आणि पोचल्यावर पुढचं उत्तर समुद्रात. हे ऐकून नाना उठूनच बसले. "अरे, हे काशी-रामेश्वर आहे! काशीची गंगा रामेश्वराला वाहतात, तशी आपण इथली बाटली तिथे वाहायची." धर्म आड आल्यावर चढ-उताराची चर्चा कोण करणार?

रेल्वेने मात्र धर्म पाळला नाही. इथल्या पुष्कळ गाड्यांत सायकलींना दोन-चारच जागा, त्याही आधी राखून ठेवायच्या. दोन सायकली सकाळच्या गाडीने आणि दोन दुपारच्या, अशी वाटणी झाली. व्हाइटहेवनला पोचलेल्या पहिल्या जोडीत मी आणि नाना. वाट बघताना नानांनी शोध लावला की जॉर्ज वॉशिंग्टनची आजी याच गावात पुरलेली आहे. अमेरिकेशी लढाई झाली तेव्हा, १७७८ साली, जॉन पॉल जोन्सने अमेरिकेच्या बाजूने याच बंदरावर छापा घातला. "आजी जिथे आहे तिथे हल्ला?" नाना हळहळले. त्या काळच्या अमेरिकेवर ते अजून रागावलेले आहेत.

मागची चाकं बुडवली. नानांनी बाटली भरली. त्यांच्यासाठी आम्ही भाड्याने बॅटरीची सायकल घेतली होती, याचा मेहुण्याला फार आनंद झाला होता. म्हातारा माणूस, आपल्यामागून सावकाश येईल, असा त्याचा हिशेब होता.

व्हिनलॅटरचा चढ, केझिक, मग पेनरिथ. डोंगर सुंदर आहेत असं बाकीचे सांगतात. मला समोरच्या चाकाची झीज नीट पाहता आली. ताकदीसाठी केंडल मिंट केक मिळतो, १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेबरोबर गेलेला. नानांनी तुकडा चाखला. "पेपरमिंट लावलेली साखर. यावर एव्हरेस्ट चढले? चिक्की नेली असती तर परतही धावत आले असते."

पेनरिथच्या पुढे लँगवाथबी नावाचं गाव लागतं आणि तिथे रेल्वे स्टेशन आहे. तिथून गाडी थेट लीड्सला येते. मार्ग आखणाऱ्यांनी हे स्टेशन हार्टसाइडच्या चढाच्या आधी येऊ दिलंय, यात त्यांची दया दिसते. मी वेळापत्रकाकडे नुसतं पाहिलं. ही म्हणाली, "चला."

हार्टसाइडची खिंड ५८० मीटरवर. मेहुण्याने आठवडाभर तक्ते दाखवून पटवलं होतं की इथे वारा पश्चिमेचा, म्हणून पश्चिमेकडून निघायचं. वारा पाठीवर घेऊन माणूस आपोआप वर जातो. एरवी ते खरंच आहे. पण या डोंगराखालच्या खोऱ्यात एक स्थानिक वारा आहे, हेल्म विंड. ब्रिटनमध्ये स्वतःचं नाव असलेला हा एकच वारा, असं सांगतात. तो क्रॉस फेल या शिखराच्या उतारावरून ईशान्येकडून खाली येतो, म्हणजे चढणाऱ्याच्या बरोबर तोंडावर. त्या दिवशी त्याला सवड होती.

मेहुण्याचं कार्बन जिथल्या तिथे डुलायला लागलं. एवढ्यात मागून मंद गुणगुणत बॅटरी आली. नाना ताठ बसलेले, डोक्यावर माकडटोपी, एक हात खिशात. "चढ लागला वाटतं तुम्हाला?" असं आपुलकीने विचारून ते वळणापलीकडे दिसेनासे झाले.

वर पोचल्यावर चहाचं आमिष होतं. नानांच्या गाइडबुकात इंग्लंडमधलं सर्वांत उंचावरचं कॅफे म्हणून त्याचं वर्णन होतं. ते कॅफे मार्च २०१८ मध्ये आगीत जळून गेलं. गाइडबुक त्याआधीचं. मेहुण्याचा घसा कोरडा पडला होता. त्याने नानांच्या सायकलीवरची बाटली उचलली आणि अर्धा आयरिश समुद्र पिऊन टाकला. चेहरा बदलला, पण अभ्यासू माणूस तो अभ्यासूच. "इलेक्ट्रोलाइट चांगलंय," तो म्हणाला, "मीठ जरा जास्त झालंय."

त्यानंतर नेंटहेड, मग ती ब्लॅक हिल, उतरून ऑलनहेड्स, पुन्हा चढ, मग रुकहोप. या पट्ट्यात गावं मूठभर घरांची. जिथे पलंग मिळतो तिथे दिवस संपवायचा; पाय काय म्हणतात ते कोणी विचारत नाही. पुढे वॉस्करलीला पोचलं की मात्र सुख सुरू होतं. चुनखडी आणि कोळसा वाहायला १८३४ साली टाकलेल्या रेल्वेची ही वाट. तिथून कॉन्सेटवरून संडरलंडपर्यंत बहुतेक उतारच. कॉन्सेटचा पोलाद कारखाना १९८० मध्ये बंद झाला; त्याच्या मालगाड्या गेल्या आणि त्यांचा उतार आमच्या वाट्याला आला. या भागात मी सर्वांच्या पुढे होतो, हे नोंदवून ठेवतो.

संडरलंडला पुढची चाकं बुडाली. नानांनी उरलेला अर्धा समुद्र वाहिला. मेहुण्याकडे पाहून ते म्हणाले, "बाकीचा यांच्यामार्फत पोचला."

तुम्हालाही असा बेत करायचा असेल तर चार गोष्टी ऐका. लांबी बघून मार्ग निवडू नका. इंग्लंडमध्ये जो मार्ग आखूड तो डोंगरातून जातो आणि जो लांब तो सपाटीवरून. निघा पश्चिमेकडूनच, हेल्म विंड काही रोज वाहत नाही. सायकलीचं रेल्वे तिकीट आणि रात्रीचे पलंग आधी ठरवा, नकाशा त्यानंतर उघडा. आणि कोणता मार्ग घ्यायचा हे तुमच्यातल्या सर्वांत हळू चालवणाऱ्याला ठरवू द्या. बाकीच्यांना कुठलाही चालतो.