रिपोर्टवाले भाऊ

खोपोली-खालापूरच्या पट्ट्यात कारखाना म्हटला की तिथे एक रिपोर्टवाले भाऊ असायचेच. राहणार कर्जत, पाठीवर लॅपटॉपची सॅक, खोपोली लोकलमध्ये खिडकीची जागा. बिलं, चलनं, गेटपास छापणारा जावातला प्रोग्राम त्यांच्या ताब्यात. मालक त्याला ‘सिस्टिम’ म्हणतात, भाऊ ‘आपलं बाळ’.

भाऊंच्या कीर्तीचं मूळ अकाउंट्स खात्यात आहे. रिपोर्ट बनवणाऱ्या ‘क्रिस्टल रिपोर्ट्स’ सॉफ्टवेअरमध्ये रक्कम अक्षरी लिहिणारं फंक्शन आयतं मिळतं, पण ते साडेबारा लाखांना ‘वन मिलियन टू हंड्रेड फिफ्टी थाउजंड’ म्हणतं. “भाऊ, ट्रकवाल्याला मिलियन दिसला तर तो भाडं वाढवून मागेल,” असं अकाउंटंटनी बजावल्यावर भाऊंनी लाख-कोटींचं स्वतःचं फंक्शन लिहिलं. मग कुणीतरी मराठीची टूम काढली. इंग्रजीत विसाच्या पुढे जोडकाम करून भागतं. मराठीत नव्व्याण्णवपर्यंत प्रत्येक आकड्याचा तोरा वेगळा. भाऊंनी सगळे शब्द एकेक करून टाइप केले. ‘त्र्याण्णव’ की ‘त्र्याणव’ यावर कँटीनमध्ये दोन तट पडले, चहा गार झाला, आणि शेवटी हेडक्लार्कचं शुद्धलेखन ग्राह्य धरलं गेलं.

लॅपटॉपवर फंक्शन फर्मास चाललं. सर्व्हरवर चढवलं तर रिपोर्ट ओळखच दाखवेना.

इथून भाऊंचं खरं रूप दिसतं. दुसरा कोणी कपाळाला हात लावेल, भाऊ खुलतात. आधी फंक्शनची जार फाइल वेब-इन्फच्या लिब फोल्डरात आहे का ते बघायचं. मग क्रिस्टलच्या कॉन्फिग फाइलमध्ये क्लासचं नाव पॅकेजसकट लिहिलंय का, आणि ती फाइल क्लासपाथवर आहे का. (एक टिंब चुकलं तरी सगळं फुकट. टिंबाचं महत्त्व आम्हाला शाळेत कुणी इतकं पटवलं नव्हतं.) हे सगळं बरोबर निघालं तरी गाडी अडते, आणि मग भाऊ विजयी मुद्रेने क्लासेस फोल्डर उघडतात. तिथे जुन्या क्लासची प्रत पडलेली असते. सर्व्हरवरचा टॉमकॅट लिबच्या आधी क्लासेसमध्ये डोकावतो, त्यामुळे नवा जार दाराशी उभा आणि कारभार जुन्याच्या हाती. ती प्रत तिथे कुणी ठेवली, हे भाऊ विचारू देत नाहीत.

“कर्जतला गाडीला मागून बँकर इंजिन लागतं, तेव्हा कुठे ती बोरघाट चढते. पण बोर्डावर नाव असतं का बँकरचं?” हे त्यांचं पेटंट वाक्य. मालकांना ते तोंडपाठ आहे, पगारवाढीच्या महिन्यात जरा जास्तच.

मध्यंतरी व्यवस्थापनाने फर्मान काढलं, की भाऊंच्या डोक्यातलं सगळं कागदावर यायला हवं. भाऊंनी नाराजी न दाखवता टिपण लिहून दिलं. फोल्डर, फाइली, सर्व्हर कसा रीस्टार्ट करायचा, सगळं नंबर घालून. अगदी खाली एक ओळ होती : ‘एवढं करूनही नाही चाललं तर मला फोन करणे.’

नवी पोरं हुशार आहेत. ती टिपण खालून वर वाचतात.